डबल-क्लिक केल्यावर काय उघडायचं? डेस्कटॉपची डीफॉल्ट अ‍ॅप्स आणि मेनू ठरवताना

लिनक्स डेस्कटॉपचं वितरण (लिनक्स आणि सोबतची अ‍ॅप्स यांचा बसवायला तयार संच) तयार करताना डीफॉल्ट अ‍ॅप्सच्या यादीची सुरुवात अ‍ॅप्सच्या नावांपासून केली, की पहिले काही दिवस आवडीनिवडींच्या वादातच जातात. आम्ही सुरुवात फायलींपासून केली. माणूस दिवसभरात कशाकशावर डबल-क्लिक करतो, ते आधी कागदावर उतरवलं. पीडीएफ, जेपीईजी, पीएनजी, एसव्हीजी, साधा मजकूर, सीएसव्ही, ओडीटी, डॉक्सएक्स, झिप, एमपी3, एमपी4, ईपब, फाँटची फाइल, फोल्डर, वेबचा दुवा, ईमेलचा पत्ता, मॅग्नेट दुवा असं करत तीसेक ओळी झाल्या. प्रत्येक ओळीसमोर एकच अ‍ॅप लिहायचं आणि शेजारी ते का निवडलं याचं एक वाक्य. ते वाक्य सुचत नसेल, तर निवड झालेली नाही असं धरायचं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. फायलींची, कळींची (म्हणजे फायलींतल्या सेटिंग्जची) आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फायलींत ती रोमन अक्षरांतच असतात.

अ‍ॅप निवडताना आम्ही पाच गोष्टी पाहिल्या. मूळ प्रकल्पात अजून काम चालू आहे का? परवाना वितरणात बसतो का? मराठी भाषांतर आहे का, आणि मात्रा-वेलांट्या नीट बसतात का? पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्कासोबत ते चालतं का? पाचवी गोष्ट बरेचदा सुटते: ते अ‍ॅप कोणत्या टूलकिटवर, म्हणजे खिडक्या-बटणं काढणाऱ्या कोणत्या कोड-संचावर (जीटीके, क्यूटी वगैरे), उभं आहे? जीटीकेवरच्या डेस्कटॉपवर एकच क्यूटीचं अ‍ॅप टाकलं, तर त्याच्या मागोमाग क्यूटीची ग्रंथालयं (तयार कोडच्या फायली), त्यांची थीम, कधी स्वतःचा फाइल निवडण्याचा संवाद असं सगळं बिऱ्हाड येतं. अ‍ॅप स्वतः पाच एमबीचं आणि त्याचा लवाजमा शंभर एमबीच्या घरात, असा प्रकार दुर्मीळ नाही. म्हणून अ‍ॅपचा आकार मोजताना नुसतं पॅकेज मोजू नये. अ‍ॅप बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर डिस्कवरची जागा पाहावी आणि त्यातला फरक धरावा.

जागेचं बंधन आता सीडीच्या 700 एमबीचं राहिलेलं नाही. उबुंटू या वितरणाने 12.10 या आवृत्तीत ती मर्यादा सोडली. तरी एक मर्यादा अजून चावते. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीआयबीपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि लाइव्ह प्रतिमेतली (न बसवता यूएसबीवरून चालवता येणाऱ्या वितरणाच्या फाइलीतली) स्क्वॉशएफएसची संकुचित फाइल एकसंध असते. यूएसबीवर फॅट32 विभाग करून आतल्या फायली उतरवून घेणारे लोक पुष्कळ आहेत. ती एक फाइल 4 जीआयबीच्या वर गेली, की त्यांची कॉपी शेवटी येऊन अडते आणि त्यांना कारण कळत नाही. आमचा वरचा आकडा त्यावरून ठरला.

काय वगळायचं हे ठरवायला जुने निर्णय उपयोगी पडतात, कारण ते उघड चर्चेतून झालेले आहेत. उबुंटूने 10.04 मध्ये गिम्प हा चित्र-संपादक डीफॉल्ट यादीतून काढला. तो चांगला आहे यात वाद नव्हता. पण बहुतेकांना फोटो फिरवायचा आणि कापायचा असतो, त्याला एवढं मोठं अवजार लागत नाही. 11.04 मध्ये संगीतासाठी रिदमबॉक्सच्या जागी बॅन्शी आला आणि 12.04 मध्ये रिदमबॉक्स परतला. असा फेरा झाला की प्रत्येक वेळी वापरणाऱ्याची गाण्यांची यादी, सवय आणि शॉर्टकट बदलतात. आमचं मत स्पष्ट आहे: चालणारं डीफॉल्ट थोड्याशा सरस अ‍ॅपसाठी बदलू नये. बदल करायचा तर जुन्याचं काम थांबलं आहे किंवा त्यात सुरक्षेचा प्रश्न आहे, एवढं ठोस कारण हवं. 23.10 पासून उबुंटूच्या इन्स्टॉलरने लहान यादीच डीफॉल्ट केली, आणि ती दिशा आम्हाला पटते. नको असलेलं काढण्यापेक्षा हवं ते घालणं नवख्याला सोपं जातं, कारण काढताना "हे काढलं तर काही बिघडेल का?" ही भीती असते.

ती भीती अगदीच अनाठायी नसते. डेबियन पद्धतीत ही सगळी अ‍ॅप्स एका मेटापॅकेजमागे, म्हणजे फक्त इतर पॅकेजेस मागवणाऱ्या पॅकेजमागे, बांधलेली असतात. मेटापॅकेजने प्रत्येक अ‍ॅप "डिपेंड्स"मध्ये (अनिवार्य पॅकेजांच्या यादीत) लिहिलं असेल आणि वापरणाऱ्याने त्यातला एखादा खेळ काढला, तर मेटापॅकेजही निघतं. मग बाकीची अ‍ॅप्स अनाथ ठरतात आणि पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये (अनाथ पॅकेजेस काढणाऱ्या आज्ञेत) डेस्कटॉपचा निम्मा भाग जाण्याची वेळ येऊ शकते. उपाय सोपा आहे. ज्याच्याविना डेस्कटॉप उभाच राहणार नाही, तेवढंच "डिपेंड्स"मध्ये ठेवायचं: सत्र, पॅनेल, फाइल व्यवस्थापक, सेटिंग्ज. ब्राउझर, ऑफिस, चित्रं, संगीत हे सगळं "रेकमेंड्स"मध्ये, म्हणजे सहसा सोबत येणाऱ्या पण सक्ती नसलेल्या यादीत. मात्र प्रतिमा तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये रेकमेंड्स बंद केलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावं. ते बंद असले, तर प्रतिमा कुठलीही चूक न दाखवता तयार होते आणि तीत ब्राउझरच नसतो.

अ‍ॅप बसलं म्हणजे ते डीफॉल्ट झालं असं नाही. खरं काम इथून सुरू होतं, आणि इथेच सर्वांत जास्त वितरणं घसरतात.

एका पीडीएफवर डबल-क्लिक केल्यावर काय होतं ते पाहू. आधी फाइलीचा प्रकार ओळखला जातो. त्यासाठी शेअर्ड-माइम-इन्फो या पॅकेजचा कोश असतो. तो नावाचा शेवट आणि फाइलीतले सुरुवातीचे बाइट, दोन्ही पाहतो. उत्तर येतं: अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ. मग हा प्रकार कोणाकडे द्यायचा हे माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट नावाच्या फायलींत शोधलं जातं. शोधाचा क्रम ठरलेला आहे. पहिली वापरणाऱ्याच्या डॉट-कॉन्फिग फोल्डरातली, नंतर ईटीसी-एक्सडीजीमधली, मग वापरणाऱ्याच्या लोकल-शेअरमधली आणि सरतेशेवटी यूएसआर-शेअर-अ‍ॅप्लिकेशन्समधली. प्रत्येक ठिकाणी आधी त्या डेस्कटॉपच्या नावाची फाइल पाहिली जाते, उदाहरणार्थ जीनोम या डेस्कटॉपसाठी जीनोम-माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट, आणि मग बिननावाची. पहिलं जुळणारं आणि प्रत्यक्ष बसवलेलं अ‍ॅप मिळालं की शोध संपतो.

या सगळ्यांत काहीच मिळालं नाही, तर ज्या ज्या अ‍ॅपने आपल्या डेस्कटॉप नोंदीत (नाव, चिन्ह आणि सुरू करण्याची आज्ञा असलेल्या डॉट डेस्कटॉप फाइलीत) "माइमटाइप"मध्ये पीडीएफ लिहिलं आहे, त्यांच्यातून एक उचललं जातं. ही यादी माइमइन्फो डॉट कॅश या फाइलीत असते. तिच्यातल्या क्रमावर भिस्त ठेवू नये. चित्र-संपादकालाही पीडीएफ आत घेता येतं, म्हणून तो प्रामाणिकपणे तसं जाहीर करतो. पण वितरणाने स्पष्ट डीफॉल्ट लिहिलं नसेल, तर वीजबिल पाहायला गेलेल्या माणसापुढे "कोणतं पान, किती रेझोल्यूशनने आयात करू?" असा संवाद उभा राहतो. चूक संपादकाची नाही. वितरणाने एक ओळ लिहिली नाही, एवढंच.

हीच गोष्ट फोल्डरची. फोल्डरचा प्रकार आयनोड/डिरेक्टरी. कोड संपादक आणि डिस्क वापर दाखवणारी अ‍ॅप्सही तो जाहीर करतात. डीफॉल्टची ओळ नसेल तर एखादं असं अ‍ॅप बसवल्यावर ब्राउझरमधलं "डाउनलोड फोल्डर दाखवा" हे बटण भलतीकडेच घेऊन जातं. आमच्या यादीत फोल्डरची ओळ म्हणूनच सगळ्यात वर आहे.

वितरणाची स्वतःची माइमअ‍ॅप्स फाइल कुठे ठेवायची? यूएसआर-शेअर-अ‍ॅप्लिकेशन्समध्ये, आणि डेस्कटॉपच्या नावासह. ईटीसी-एक्सडीजी ही जागा यंत्रणेच्या प्रशासकासाठी मोकळी सोडावी, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत कुणाला वेगळं ठरवायचं असेल तर आपल्या पॅकेजशी भांडावं लागत नाही. ईटीसी-स्केलमध्ये तर ती मुळीच ठेवू नये, हा मोह मोठा असला तरी. तिथल्या फायली नवं खातं तयार होताना एकदाच कॉपी होतात. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली तरी जुन्या खात्यांपर्यंत ती पोचत नाही, आणि ती प्रत वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड म्हणून गणली जाते. डेस्कटॉपच्या नावाच्या फाइलीत फक्त "डीफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्स" हा विभाग चालतो, हेही लक्षात ठेवावं. जोडलेले आणि काढलेले संबंध बिननावाच्या फाइलीतच लिहायचे.

आता नावांचा घोळ. डीफॉल्टच्या ओळीत अ‍ॅपचं नाव नसतं, डेस्कटॉप फाइलीचं नाव असतं, आणि तेच अ‍ॅप जिथून येतं त्याप्रमाणे ते बदलतं. फायरफॉक्सच घ्या. साधारण पॅकेजात तो फायरफॉक्स डॉट डेस्कटॉप असतो, डेबियनच्या दीर्घकालीन आवृत्तीत फायरफॉक्स-ईएसआर, फ्लॅटपॅकमध्ये ऑर्ग डॉट मोझिला डॉट फायरफॉक्स, आणि स्नॅपमध्ये फायरफॉक्स-अंडरस्कोर-फायरफॉक्स. पॅकेजचा स्रोत बदलला आणि ओळ जुनीच राहिली, तर कुठेही चूक दिसत नाही. ती ओळ गुपचूप ओलांडली जाते. प्रकल्प स्वतःही नावं बदलतात. जीनोमने 42 मध्ये जीएडिटच्या जागी नवा मजकूर संपादक आणला, 45 मध्ये चित्रांसाठी लूप आणला, 49 मध्ये एव्हिन्सच्या जागी पेपर्स. प्रत्येक वेळी फाइलीचं नाव नवं.

यावर बचाव या फायलींच्या स्पेसिफिकेशनमध्येच (ठरलेल्या नियमांत) आहे: एका प्रकारापुढे अर्धविरामाने तोडून अनेक नावं लिहिता येतात, आणि त्यांतलं पहिलं बसवलेलं निवडलं जातं. पीडीएफपुढे आम्ही आधी पेपर्स आणि मग एव्हिन्स लिहिलं. त्यामुळे दोन आवृत्त्यांना एकच फाइल पुरली. तरीही भरवसा डोळ्यांवर ठेवू नये. प्रतिमा तयार झाली की एक छोटी स्क्रिप्ट माइमअ‍ॅप्समधलं प्रत्येक नाव घेते आणि त्या नावाची डेस्कटॉप फाइल आहे का ते बघते. एका ओळीतलं एकही नाव सापडलं नाही, तर प्रतिमा नापास.

ब्राउझरसाठी एक ओळ पुरत नाही, चार लागतात: एचटीटीपीची, एचटीटीपीएसची, एचटीएमएल मजकुराची आणि एक्सएचटीएमएलची. पहिली दोन एक्स-स्कीम-हँडलर या प्रकारात मोडतात. फक्त त्यांच्यावर थांबलं, तर दुवे बरोबर उघडतात, पण जतन केलेलं वेबपान मजकूर संपादकात उघडतं. शिवाय डेबियन घराण्यात एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ब्राउझर हा वेगळाच धागा आहे. तो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या आज्ञेने ठरतो आणि माइमअ‍ॅप्सला ओळखत नाही. एक्सएफसीई या डेस्कटॉपची हेल्पर्स डॉट आरसी ही फाइल तिसरी. एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं वेगवेगळी असली, की "मेलमधून एक ब्राउझर उघडतो आणि पॅनेलमधून दुसरा" ही तक्रार येते. तिन्हींत एकच नाव असल्याची खात्री करावी. टर्मिनलची तर याहून बिकट अवस्था होती. कितीतरी वर्षं त्यासाठी सर्वमान्य ठिकाणच नव्हतं, आणि ग्लिब या पायाभूत ग्रंथालयामध्ये टर्मिनलांच्या नावांची एक पक्की यादी कोडमध्येच लिहिलेली होती. एक्सडीजी-टर्मिनल-एक्झेक या प्रस्तावामुळे आता मार्ग निघतो आहे. ते पॅकेज यादीत घ्यावं.

मेनूकडे वळू. मेनूतली प्रत्येक ओळ म्हणजे एक डेस्कटॉप फाइल, आणि ती कोणत्या विभागात पडेल हे तिच्या "कॅटेगरीज"वरून ठरतं. मुख्य विभाग तेरा आहेत. ऑडिओ किंवा व्हिडिओ लिहिलं तर सोबत ऑडिओव्हिडिओही लिहावं लागतं. ते राहून गेलं तर संगीताचं अ‍ॅप "इतर"मध्ये जाऊन बसू शकतं. दोन मुख्य विभाग दिले तर तेच अ‍ॅप दोन ठिकाणी दिसतं. प्रत्येक नोंद डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट या आज्ञेतून काढली की यातल्या बऱ्याच चुका तिथल्या तिथे सापडतात.

मेनू निवळण्याचं काम मात्र हातानेच करावं लागतं. पूर्ण प्रतिमा बसवून मेनू उघडला, तर आपण कधी निवडलीच नव्हती अशी कितीतरी नावं दिसतात: ग्रंथालयांसोबत आलेली चाचणीची साधनं, टर्मिनलातले मॉनिटर, छपाईची वेगळी खिडकी, इनपुट पद्धतीची दोन-तीन सेटिंग्ज. ती लपवायची असतात, पण काढायची नसतात. इथे दोन कळींतला फरक जीव तोडून सांगावासा वाटतो. नोडिस्प्ले=ट्रू म्हणजे मेनूत दाखवू नका, बाकी अ‍ॅप जसंच्या तसं आहे; फायलींशी त्याचं नातं टिकतं. हिडन=ट्रू म्हणजे ही फाइल पुसली आहे असंच समजा. चित्र दाखवणारं छोटं अ‍ॅप मेनूत नको म्हणून हिडन लिहिलं, तर त्यावर टेकलेले सगळे प्रकार एका झटक्यात पोरके होतात. शंभरातल्या नव्याण्णव वेळा आपल्याला नोडिस्प्लेच हवं असतं.

लपवायची नोंद मूळ जागी जाऊन बदलू नये. पुढच्या अपडेटमध्ये पॅकेज ती पुन्हा पहिल्यासारखी करतं. त्याच नावाची फाइल यूएसआर-लोकल-शेअर-अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ठेवली की ती आधी वाचली जाते. पण एक फाइल दुसरीला संपूर्ण झाकते, दोन्हींची सरमिसळ होत नाही. तीन ओळींची फाइल लिहून नोडिस्प्ले घातलं, की मूळ फाइलीतली माइमटाइपची ओळ आणि सगळी भाषांतरं त्यासोबत गेली. म्हणून आधी पूर्ण प्रत करावी, मग ती एक ओळ घालावी. आणि काम झाल्यावर अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस चालवावं, नाहीतर कॅशमध्ये जुनंच राहतं.

एक्झेक या, सुरू करण्याची आज्ञा सांगणाऱ्या, ओळीत दोन चुका फिरून फिरून भेटतात. शेवटचं टक्के-चिन्हाचं अक्षर (ज्याच्या जागी फाइलीचा पत्ता येतो) राहून गेलं, तर काही डेस्कटॉपांवर अ‍ॅप उघडतं पण खिडकी रिकामी. काही डेस्कटॉप फाइलीचा पत्ता आपणहून जोडतात, म्हणून एकीकडे दिसणारी चूक दुसरीकडे दिसत नाही. आणि लहान एफ व मोठा एफ यांतला फरक: लहान म्हणजे एका वेळी एक फाइल. वीस फोटो निवडून एंटर दाबलं की अ‍ॅप वीसदा सुरू होतं. याउलट एक्झेक कितीही बदललं तरी फरकच पडत नाही असं दिसलं, तर त्या नोंदीत डीबसअ‍ॅक्टिव्हेटेबल=ट्रू आहे का पाहावं. असेल तर अ‍ॅप डी-बसवरून (अ‍ॅप्सनी एकमेकांशी बोलण्याच्या व्यवस्थेवरून) सुरू होतं आणि एक्झेकला विचारलंच जात नाही. डॉकमध्ये एकाच अ‍ॅपची दोन चिन्हं दिसणं ही खिडकी कोणत्या नोंदीची हे सांगणारी स्टार्टअपडब्ल्यूएमक्लासची ओळ चुकल्याची खूण.

नावांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही. मेनूत "लूप" वाचून कुणाला कळणार की यात फोटो दिसतात? जीनोमने आपल्या अ‍ॅप्सना फाइल्स, व्हिडिओज अशी कामाची नावं दिली. ती एकेकटी छान आहेत, पण शेजारी दुसरा डेस्कटॉप बसवला की मेनूत दोन "फाइल्स", दोन "टर्मिनल", दोन "सेटिंग्ज" येतात. तिथे ओन्लीशोइन ही कळ लावून ज्या त्या नोंदीला आपापल्या डेस्कटॉपपुरतं ठेवता येतं.

मराठीत नोंद करायची तर नेम[एमआर] एवढं पुरतं. मागे देशाचं चिन्ह लावायची गरज नाही, कारण एमआर-आयएन भाषेसाठी शोध शेवटी एमआरवर येतोच. शब्द निवडताना बोलण्यातले घ्यावेत. फाइल व्यवस्थापकाला "संचिका प्रबंधक" म्हटलं तर तो शोधायला कुणी येणार नाही. "फाइल्स" किंवा "फायली" चालेल. शुद्ध शब्द टाकून द्यायचे नाहीत, ते कीवर्ड्स[एमआर]मध्ये घालायचे: फोटो, छायाचित्र, चित्र, अल्बम, सगळे. म्हणजे शोधपेटीत ज्याच्या तोंडी जो शब्द असेल त्याने अ‍ॅप सापडतं. या कळीतही शब्द अर्धविरामाने तोडायचे असतात. स्वल्पविराम टाकला तर पूर्ण ओळ एकच लांबलचक शब्द मानली जाते.

चाचणी करताना आपल्या रोजच्या खात्यात काहीही तपासू नये. तिथे वर्षानुवर्षांच्या निवडी साठलेल्या असतात, आणि त्या वितरणाच्या चुका झाकतात. नवं खातं, 2 जीबी स्मृती दिलेलं आभासी यंत्र, आणि एका फोल्डरात प्रत्येक प्रकारची एकेक फाइल. प्रत्येकीवर एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप, मग त्या उत्तरावर क्वेरी डीफॉल्ट. पहिलं उत्तर चुकलं तर दोष माइम कोशाचा. डॉक्सएक्स ही आतून झिपच असते. कोश जुना किंवा अर्धवट असला की ती झिप म्हणून ओळखली जाते आणि दस्तऐवजाऐवजी एक्सएमएलचं गाठोडं उघडतं. अशा वेळी माइमअ‍ॅप्समध्ये हात घालू नये, अपडेट-माइम-डेटाबेस चाललं का ते पाहावं. पहिलं उत्तर बरोबर आणि दुसरं चुकीचं, तर दोष आपल्या यादीत.

आज्ञांनी सगळं बरोबर दाखवलं तरी त्या फोल्डरातल्या प्रत्येक फाइलीवर हाताने डबल-क्लिक करावं. आम्हाला शेवटच्या फेरीत एसव्हीजी अशीच सापडली. तिच्यापुढे लिहिलेलं अ‍ॅप बसवलेलं होतं, चाचणी स्क्रिप्ट पास होती, पण एसव्हीजी काढून दाखवणारं वेगळं प्लगइन रेकमेंड्समध्ये होतं आणि प्रतिमेत आलंच नव्हतं. खिडकी उघडत होती आणि आत "हा प्रकार ओळखता आला नाही" एवढंच. ते पॅकेज यादीत घातलं, प्रतिमा पुन्हा बांधली, आणि तीसच्या तीस फायली पहिल्यापासून परत उघडून पाहिल्या.